जिमचा मालक बदलला तेव्हा

मी आणि बायकोने मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे वाल सोलणं.

कडवे वाल, तिच्या कळंबच्या भावाच्या शेतातले. आदल्या रात्री भिजवलेले, दिवसभर फडक्यात बांधून मोड आणलेले. उन्हं उतरली तशी तिने ते कोमट पाण्यात टाकले आणि आम्ही पडवीत बसलो. ती पाटावर, मी उंबऱ्यावर, मध्ये परात. तिने दोन बोटांत वाल दाबला की डाळिंबी सालातून अख्खी सुटून परातीत पडायची. माझ्या हातात निम्म्या मोडायच्या. मोडलेल्या ती वेगळ्या काढून माझ्या बाजूला सरकवायची.

"ह्या तुमच्या ताटात," म्हणाली. "मोडतोड करनाऱ्याला मोडतोडच. आणि उंबऱ्यावरनं उठा. तिन्हीसांजचं उंबऱ्यावर बसू नये, किती वेळा सांगायचं?"

गुडघे दुखतात म्हणून मी उंबऱ्यावर बसतो. उठलो नाही.

तब्येत बरी होती तिची. हे मुद्दाम लिहितो, कारण नंतर माणसं विचारत होती, आदल्या दिवशी काय जाणवलं होतं का. काय जाणवायचं? वाल सोलत होती, मला टोमणे मारत होती. चाळीस वर्षं तेच चाललं होतं.

मग म्हणाली, "उद्यापासून नवा ट्रेनर येतोय जिममदे. त्याला डॉक्टरचं पत्र दाखवाया पायजे."

"आदी झेरॉक्स काढतो."

"आठ दिवस हेच ऐकतेय मी."

"ओरिजनल कुनाच्या हातात द्यायचं नाय. उद्या कर्जतला बँकेत जातोच हाय, तिथंच काढतो."

"मग उद्या मी तशीच जाऊ?"

"नको जाऊ. एक दिवस नाय गेलीस तर काय बिघडतंय?"

"पोरीनं भरल्यात पैशे. आदीच दुरुस्तीपायी तीन आठवडे फुकट गेले."

मी पुढे बोललो नाही. बोलायला हवं होतं. मूठभर वाल सोलायचे राहिले होते, तोवर अंधार पडला. "ऱ्हाऊ द्या, उद्या सोलू," म्हणाली, आणि पाण्याचं टोप दाराआड सरकवून उठली.

ते पत्र देवाच्या फळीवर प्लास्टिकच्या पिशवीत होतं. तिच्या हृदयात दोन स्प्रिंगा टाकल्या तेव्हा पनवेलच्या डॉक्टरने मराठीत लिहून दिलेलं. हृदय कमी जोराने चालतं, धाप लागेल असं काही करायला लावू नका, छातीत जड वाटलं तर तिथेच थांबवा आणि लगेच दवाखान्यात आणा. चारच ओळी. त्या चार ओळी नव्या माणसाच्या डोळ्यांखालून जायला हव्या होत्या, बस. तिचा जीव तेवढ्यावर होता आणि मला ते कळत होतं. कळत नव्हतं असं म्हणून मी सुटणार नाही.

जिम म्हटल्यावर आधी आमची आळी हसली. डॉक्टरने चालायला सांगितलं, पण आमच्याकडे चालायचं कुठे? एका अंगाला हायवे, त्यावर कंटेनर. दुसऱ्या अंगाला शेतांचे बांध, तिथे पाय घसरला तर उचलायला कोण? पनवेलला दिलेली आमची एकुलती एक लेक, तिने मग कुंभिवलीच्या नाक्यावरच्या जिममध्ये आमच्या दोघांच्या नावाने तीन वर्षांची मेंबरशिप एकदम भरून टाकली. जोडीची. शेजारीण म्हणाली, "आता म्हातारा दंड दाखवनार वाटतं गं." आमची म्हणाली, "दंड कुठले? दात दाखवतोय, ते बी चारच उरलेत."

टायरच्या दुकानावरचा मजला, बाहेरून लोखंडी जिना. सकाळी दहा ते अकरा म्हाताऱ्यांचा तास. कारखान्याची पोरं तोवर कामावर गेलेली असायची. आम्ही नऊ जण. त्यात शाळेतून रिटायर झालेले एक मास्तर होते, साखरेचा आजार असलेले. खालापूरच्या मसाल्याच्या दुकानाची मालकीण होती, कोकणी मुसलमान बाई, तिला आम्ही सगळे चाची म्हणायचो. तिची आणि आमच्या हिची पहिल्या दिवसापासून गट्टी. दोघी सायकलीवर बाजूबाजूला बसून पाय कमी आणि तोंड जास्त चालवायच्या.

तेव्हाचा मालक तालमीतला गडी होता. कान मोडलेले, आवाज मऊ. शिकवायचाही तोच. पहिल्या दिवशी त्याने हिला मशिनला हात लावू दिला नाही. समोर बसवलं, डॉक्टरचं पत्र दोनदा वाचलं, आणि एक पिवळं कार्ड काढून त्यावर लाल पेनाने हृदय काढलं. खाली लिहिलं, फक्त सायकल, दहा मिनिटं, पळायचा पट्टा नाही. मला वाचून दाखवलं. बाकीच्या आठ जणांचीही अशी कार्डं भिंतीवर खिळ्याला लटकवलेली होती. कुणाचा गुडघा, कुणाचं बीपी, सगळं त्यावर. जिन्याच्या वळणावर त्याने हिच्यासाठी एक प्लास्टिकचं स्टूल ठेवलं. "आई, इथं बसायचं, शंभर मोजायचं, मग वर यायचं."

मला तो माणूस तिथेच पटला. त्याचं कारण सांगतो.

मी तेहतीस वर्षं कागदाच्या कारखान्यात बॉयलरवर होतो. शिक्षण चौथी, पण बॉयलर मला कळायचा. आमच्यात एक रीत होती. शिफ्ट संपली म्हणून कुणी उठून जायचं नाही. पुढचा माणूस आला की त्याला बॉयलरसमोर उभा करायचा आणि तोंडाने सांगायचं. हा व्हॉल्व्ह गळतोय. ह्या काट्यावर विश्वास ठेवू नको, तो दोन घरं मागे दाखवतो. ह्या पाइपाजवळ उभा राहू नको. वहीत लिहिलेलं असलं तरी तोंडाने सांगायचं, आणि घेणाऱ्याने ते तोंडाने परत म्हणायचं. ह्याला आम्ही चार्ज देणं-घेणं म्हणायचो. चार्ज घेतल्याशिवाय मी कधी एका व्हॉल्व्हला हात लावला नाही. एकदा एक साहेब म्हणाला, वहीत आहे ना सगळं, जाऊ द्या त्याला घरी. मी म्हणालो, साहेब, वही भाजत नाय, मानूस भाजतो.

त्या पैलवानाने हिचा चार्ज घेतला होता. म्हणून मी निर्धास्त होतो.

मग एक दिवस जिन्याच्या तोंडाला साखळी लावलेली दिसली आणि बोर्डावर कापड. टायरवाल्याने सांगितलं, विकलं. पैलवानाचा फोन लागेना. आजपर्यंत लागलेला नाही. आम्हा नऊ जणांपैकी एकालाही त्याने शब्दाने सांगितलं नव्हतं. ज्या माणसाने शंभर मोजायला शिकवलं, तोच शिफ्ट अर्धी टाकून निघून गेला.

तीन आठवडे वर ठोकाठोक चालू होती. मी रोज सकाळी जाऊन बघून यायचो. खाली चहाची टपरी आहे, तिथे बसायचो. एक दिवस बघतो तर टपरीचं बाकडं डुगडुगत नव्हतं. वाकून पाहिलं. पायाखाली पिवळ्या कार्डाची घडी.

"हे कुठलं रं?" मी विचारलं.

"वरनं कचरा टाकलाय मागं," टपरीवाला म्हणाला. "गोणीभर हाय. तुमाला पायजे?"

मागे गेलो नाही. चहा पिऊन घरी आलो. हिला सांगितलंही नाही.

जिम उघडली तेव्हा काचांना काळा कागद लागला होता. खिडक्या बंद. वळणावरचं स्टूल नव्हतं. हिने रिकाम्या कोपऱ्याकडे बघितलं, कठडा धरून उभ्याउभ्याच शंभर मोजले आणि वर आली. भिंतीवरचे खिळे उपटून तिथे टीव्ही लावला होता. अंगठा ठेवायचं मशीन होतं. काउंटरवर एक मुलगी, केस मोकळे, बोलायला गोड.

"आजोबा, मालक बदललेत फक्त. बाकी सगळं तेच. मेंबरशिप पुढे चालू ठेवायची तर हा फॉर्म लागतो."

पाच-सहा पानं, सगळं इंग्रजी. घरात कागद वाचायचं काम हिचं. सातवी झालेली, मराठी फाडफाड वाचायची आणि इंग्रजीतलंही निम्मंअर्धं जुळवायची. पण पंधरा दिवसांपूर्वीच मोतीबिंदू काढला होता, काळा चष्मा होता डोळ्यांवर. म्हणाली, "तुमीच बघा ओ."

मी बघितलं. म्हणजे पानं उलटली. मागे दोन माणसं उभी होती. ह्या पोरीसमोर कुठल्या तोंडाने सांगू की मला इंग्रजी येत नाही?

"पिवळी कार्डं कुठायत?" एवढं मात्र मी विचारलं.

"ते जुन्यांचं असेल. आमच्याकडे काही आलेलं नाही." बोलता बोलता ती चौकोनांत फटाफट खुणा करत गेली. "हे मी भरते, तुम्ही खाली सही करा. आजींची पण तुम्हीच करा, चालतं."

मी केली. माझी केली आणि हिच्या नावाची पण केली. आमच्याकडे काही आलेलं नाही, हे त्या मुलीने मला सरळ सांगितलं होतं. बॉयलरवर हे वाक्य ऐकलं असतं तर मी तिथल्या तिथे खाली बसलो असतो आणि आधीच्या माणसाला घरून बोलावून आणा म्हणालो असतो. इथे मी पेनाचं टोपण लावून परत दिलं.

दुसऱ्या दिवशी मास्तर टपरीवर बसलेले. वर आले नाहीत. हातात तोच फॉर्म, कोरा.

"वाचलंत काय लिहिलंय ते?" त्यांनी विचारलं. मग त्यांनी बोट ठेवून मराठीत सांगितलं. मला कुठलाही आजार नाही. माझ्या तब्येतीला काही झालं तर जबाबदारी माझी. जुन्या मालकाने दिलेला कुठलाही शब्द नव्या मालकावर बंधनकारक नाही.

"अहो, मालक बदलला म्हणून आपला करार बदलत नाही," मास्तर म्हणाले. "आपण तीन वर्षांचं घेतलंय, ते ज्या अटींवर घेतलं त्याच अटींवर. त्याने धंदा चालू आहे तसा घेतला ना? मग मेंबरही अंगावर घेतले. आपल्याला न विचारता, आपलं नुकसान होईल असा करार दुसऱ्याच्या हातात सोपवता येत नाही. ग्राहकाचा कायदा आहे तसा. नव्या अटी पटत नसतील तर नाही म्हणायचं आणि उरलेल्या महिन्यांचे पैसे मागायचे. नाही दिले तर अलिबागला ग्राहक आयोग आहे. तुम्ही सही नाही ना केली?"

"केली."

"वहिनींची?"

"ती बी मीच केली."

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "मग आजच्या आज लेखी द्या. आमचा आजार फॉर्मवर चुकीचा लिहिलाय, हे डॉक्टरचं पत्र. एक प्रत त्यांना, एक आपल्याला. आपल्या प्रतीवर त्यांचा शिक्का घ्यायचा, पोच म्हणून. शिक्का नसेल तर दिलं नाही असं समजा."

मी हो म्हणालो. त्याला आठ दिवस झाले. रोज जिना चढायचो, त्या मुलीला बघायचो आणि उतरायचो. जो कागद मी वाचल्यासारखा उलटला होता, तोच आता चुकलाय म्हणून परत मागायचा. लाज वाटली. दुसरं काही नाही, नुसती लाज. ट्रेनर अजून आला नव्हता, ही आपली सायकल मारत होती, दिवस ढकलले जात होते. मास्तर रोज दहाला येऊन खाली टपरीवर बसायचे. सही नाही तर आत नाही, असं त्यांना सांगितलं होतं. आम्ही खाली उतरलो की ते नुसतं माझ्या हाताकडे बघायचे, कागद आहे का म्हणून.

त्या सकाळी दाट धुकं होतं. मी आठला निघालो. पत्राची पिशवी सदऱ्याच्या खिशात घातली. ती दारात आली.

"दोन काढा," म्हणाली. "एक त्यांना, एक आपल्याला. मास्तर सांगत होते."

"ठाऊक हाय."

"ठाऊक हाय तर आठ दिवस कुठं होतात?"

ह्यावर मी हसलो आणि चालू लागलो. मागे वळून पाहिलं असतं तरी धुक्यात दिसली नसती.

बँकेचं काम म्हणजे पेन्शनीसाठी हयातीचा दाखला. मी जिवंत आहे हे दाखवायला अंगठा द्यायचा. बॉयलरने अंगठे घासून गेलेत, मशीन घेईना. तीनदा पुसून ठेवला तेव्हा घेतला. बाहेर येऊन दोन झेरॉक्स काढल्या, घडी घातली, चहा प्यायलो. घाई नव्हती. टमटम भरायची वाट बघत बसलो.

नाक्यावर उतरलो तर टपरीपाशी माणसं उभी होती आणि जवळ एक रिक्षा. बाकड्यावर चाची बसलेली, तिच्या मांडीवर आमच्या हिचं डोकं. काळा चष्मा चाचीच्या हातात. हिचा चेहरा ओल्या राखेसारखा झाला होता.

मला बघितल्यावर ओठ हलले. मी वाकलो.

"काढलं का?" म्हणाली.

"काढलं."

रिक्षात तिचा हात माझ्या हातात होता. कुठल्या वळणावर तो हात नुसता हात उरला, ते मला सांगता येणार नाही. दवाखान्यात डॉक्टरने तपासलं आणि तो उभा राहिला. "काही आजार होता का?" त्याने विचारलं. मी खिशातून पत्र काढून दिलं. झेरॉक्सही त्याच्यासोबत गेल्या, तीनही कागद. त्याने वाचलं आणि तिन्ही माझ्या हातात परत दिले.

"हे कुठे होतं?"

"खिशात."

तो पुढे म्हणाला, असं हृदय कधीही थांबू शकतं, घरात बसल्या बसल्यासुद्धा. असेल. तो शिकलेला माणूस आहे.

वर काय झालं ते चाचीने सांगितलं, दवाखान्याच्या पायरीवर बसून, दुपट्ट्याने तोंड पुसत. नवा ट्रेनर आला, सगळ्यांना म्हणाला, सायकलवर बसून गप्पा बंद, आधी पट्ट्यावर चालायचं. ही म्हणाली, मला नको. तो काउंटरवर गेला, कॉम्प्युटरवर बघितलं. "आजी, तुमच्या फॉर्मवर तर काहीच नाहीये. एकदम फिट आहात." सगळे हसले. सगळे बघत होते, म्हणून चढली. "मी बोलली त्याला, हिला मत चढवू," चाची म्हणाली. "तो बोलला, लिहिलंय कुठं?"

लिहिलेलं माझ्या खिशात होतं आणि मी कर्जतला चहा पीत होतो.

अग्नी मीच दिला. मुलगा नाही. संध्याकाळी माणसं पांगत होती तेव्हा नवा मालक आला. मी त्याला पहिल्यांदाच बघत होतो. तरणा, पांढरा शर्ट, हात जोडलेले. माझ्याकडे न येता लेकीकडे गेला. हळू बोलत होता, पण मला ऐकू येत होतं.

"फार वाईट झालं, ताई. आमच्याकडून कागद सगळे क्लिअर आहेत. आजींनी स्वतः डिक्लेअर करून सही केलेली आहे."

"बघू," लेक म्हणाली.

त्याने मोबाइलवर दाखवलं. लेकीने बघितलं. आईची सही तिला ठाऊक नाही होय? शाळेच्या प्रगतिपुस्तकावर दहा वर्षं आईनेच सही केली, गोल गोल, पूर्ण नाव, शेवटी एक टिंब. ह्या सहीला टिंब नव्हतं आणि अक्षरं कोंबडीच्या पायांसारखी होती. तिने मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. मग मोबाइल मालकाला परत दिला.

जाता जाता तो मास्तरांना म्हणाला, "उद्या दहाची बॅच नेहमीसारखी आहे. बंद ठेवली की लोक उगाच घाबरतात."

ते ऐकून मला झोप लागली नाही असं मी लिहिणार नाही. थकलो होतो, झोपलो. पण पहाटे जाग आली तेव्हा डोक्यात तेवढंच होतं. दहाची बॅच. तेच पाच-सहा म्हातारे, घरात बसून करमत नाही म्हणून येणारच. तोच ट्रेनर. तोच कॉम्प्युटर, आणि त्यात प्रत्येकाच्या नावापुढे काहीच नाही.

दाराआड टोप तसंच होतं. न सोललेल्या वालांवर फेस आला होता, आंबूस वास सुटला होता. त्याला हात लावला नाही.

मी निघालो तशी लेक आडवी आली. "बाबा, कुठं चाललात? सुतक हाय तुमाला. अग्नी दिलेल्या मानसानं दहा दिवस घर सोडू नये. कुनी शिवनार नाय तुमाला."

"चार्ज द्यायला चाललोय."

तिला काय कळलं ठाऊक नाही. बाजूला झाली. मी सुतकातला, पायांत काही घालायचं नाही, तसाच निघालो. पत्र आणि दोन झेरॉक्स खिशात. धुकं कालच्यासारखंच होतं. हायवेच्या कडेने चाललो. कंटेनर जवळून गेला की वारा अंगावर येई आणि थांबावं लागे. नाक्यावर टपरीवाल्याने मला बघून नजर खाली घातली. मास्तर बाकड्यावर होते. उठले आणि माझ्या मागून चार पायऱ्या सोडून चढू लागले. वळणावर थांबून मी शंभर मोजले.

दारात उभा राहिलो. आत गेलो नाही. आत पाच जण होते. गाणं चालू होतं. काउंटरवरची मुलगी मला बघून उभी राहिली. ट्रेनर पुढे आला, माझ्या दंडाला धरून बाजूला करायला त्याने हात पुढे केला.

"ए, हात नको लावू!" मुलगी ओरडली. "सुतक आहे त्यांना."

त्याचा हात तिथेच थांबला. मला कुणी हलवू शकत नव्हतं. ते मी घरूनच धरून चाललो होतो.

"गाणं बंद कर," मी म्हणालो. केलं.

मग मी बोट दाखवून एकेकाचं सांगितलं, मोठ्याने, बॉयलरसमोर सांगायचो तसं. "ह्या बाईंचा डावा गुडघा बदललाय, वाकवायला लावायचा नाय. हे भाऊ, बीपी, खाली वाकून वर उठले की चक्कर येते. ह्यांना एका कानानं ऐकू येत नाय, मागनं हाक मारायची नाय. ह्या दोघी बहिनी, दोघींना दमा, खिडक्या उघड्या पायजेत. चाची आज नाय, तिची कंबर. मास्तर हे, माझ्या मागं, साखर, उपाशी असले तर थरथरतात." सहा महिने त्यांच्यासोबत सायकल मारली होती मी. सगळं पाठ होतं. "आता तू म्हन."

"काय?" ट्रेनर.

"मी सांगितलं ते परत म्हन. चुकलास तर परत सांगतो."

तो मुलीकडे बघायला लागला. मुलगी वही काढून लिहीत होती. मग त्याने म्हटलं. दोनदा चुकला, दोनदा मी सांगितलं. कुणी हसलं नाही. दम्यावाल्या बहिणींतली धाकटी उठली आणि तिने जाऊन खिडकीचा काळा कागद नखाने सोलायला सुरुवात केली.

मग मी हिचं पत्र काढलं. "आणि ही एक ऱ्हायली," म्हणालो. पुढे वाचायला येत असूनही वाचवेना. तोंडपाठ म्हटलं. धाप लागेल असं काही करायला लावू नका.

"फॉर्मवरची तिची सही तिची नाय," मी मुलीला म्हणालो. "ती माझी हाय. खुणा तू केल्यास, सही मी केली. हे लिही. तुझ्या मालकाला दाखव. मी कुठंही जाऊन हेच सांगनार हाय."

मुलीने लिहिलं. लिहिताना तिचं नाक वाहत होतं. मी दोन्ही झेरॉक्स उंबऱ्याच्या आत जमिनीवर ठेवल्या आणि दोन पावलं मागे सरलो, कारण सुतकात हातात हात द्यायचा नसतो.

"एक तुमाला," मी म्हणालो. "एक आमाला. आमच्यावर शिक्का पायजे."

तिने दोन्ही उचलल्या. ड्रॉवर उघडला, शिक्का शोधला, एकीवर दाबला, तारीख घातली, सही केली. ती प्रत परत आणून जमिनीवर ठेवली आणि मागे झाली.

मी उचलली. शाई ओली होती. वाळेपर्यंत तिथेच दारात उभा राहिलो.